टुकार सिनेमाचेही पैसे वसूल: नाशिकच्या नवख्या प्रेक्षकासाठी

माझा भाचा सटाण्याहून नाशिकला नोकरीला आला तेव्हा सिनेमासाठी त्याच्याकडे दोनच शब्द होते, ‘भारी’ आणि ‘बकवास’. अंबडच्या कारखान्यात पाळी, सुट्टी शनिवारची, सिडकोतल्या खोलीत एक पंखा आणि तीन पार्टनर. त्यामुळे शनिवारी दुपारी पठ्ठ्या गारव्यासाठी सिनेमाला जायचा आणि रात्री माझ्याकडे जेवायला येऊन तक्रार करायचा, “मामा, अडीचशे रुपये पाण्यात.”

मी विचारायचो, “काय काय पाहिलंस?”

“काय पाहणार? बकवास होता.”

अडीच तास अंधारात बसून माणूस एक शब्द घेऊन परत येतो! अडीचशे रुपयांपेक्षा मला ते जास्त खुपायचं. मग जेवताना थोडं थोडं सांगायला लागलो. ते सगळं एका जागी लिहून दे, असं त्यानंच म्हटलं, म्हणून हे.

माझं म्हणणं एवढंच आहे. चांगला सिनेमा म्हणजे उत्तम शिवलेला सदरा. अंगात घालता, आरशात बघता, खूश होता, पण शिवण कुठे आहे ते दिसत नाही. टुकार सिनेमात शिवण बाहेर आलेली असते, धागे लोंबत असतात, एक बाही आखूड असते. शिवणकाम शिकायचं असेल तर उसवलेला सदरा हातात घ्यावा. तो नीट बघितला की मग चांगल्या सदऱ्यातली शिवणही बोटांना लागायला लागते.

लोक सल्ला देतात, “डोकं घरी ठेवून जा.” हा सल्ला मला कधीच पटला नाही. टुकार सिनेमाला तर डोकं बरोबर न्यायलाच हवं, नाहीतर तिथे करायचं काय?

आधी डबे वेगळे करा

‘वाईट सिनेमा’ ही एक जात नाही. निदान तीन तरी आहेत आणि त्यांच्याशी वागायची रीत वेगवेगळी आहे.

पहिला टुकार. ह्यात करणाऱ्यांची हौस दांडगी असते आणि हात तोकडा. हा आपला. ह्याच्यावर प्रेम करता येतं.

दुसरा रटाळ. ह्यात चूक अशी काही नसते. कॅमेरा नीट, कपडे नीट, नट देखणे, आणि कुणालाच काही सांगायचं नसतं. हा सगळ्यात अवघड. टुकार सिनेमा तुम्हाला जागं ठेवतो, रटाळ सिनेमा खिशातल्या फोनची आठवण करून देतो.

तिसरा विखारी. एखाद्या जातीची, बाईची, अपंग माणसाची टिंगल हाच ज्याचा विनोद, किंवा बाईवरची जबरदस्ती जो मिटक्या मारत दाखवतो. त्यात गंमत शोधायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही. मी उठून येतो.

नवख्या माणसाची गफलत होते ती पहिल्या दोन डब्यांत. “मला झोप आली” आणि “मला हसू आलं” ह्या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत, आणि दुसरी तर तक्रारच नाही.

तिकीट, खुर्ची, सोबत

नाशिकच्या जुन्या माणसांच्या तोंडात अजून विजयानंद, सर्कल, हेमलता, दामोदर ही नावं येतात. कुणाची पहिली शिट्टी तिथली, कुणाचं पहिलं प्रेम बाल्कनीतलं. आता बहुतेकांचा सिनेमा मॉलमध्ये असतो आणि खुर्ची फोनवर निवडता येते, तर ती नीट निवडा. चांगला म्हणून नावाजलेला सिनेमा असेल तर मधोमध, पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश मागे. तिथे आवाज चारही बाजूंनी सारखा येतो आणि मान दुखत नाही. टुकार असण्याची दाट शक्यता असेल तर मागची कडेची खुर्ची घ्या. कुजबुजायला बरी आणि निघायलाही.

शिट्ट्यांचा सिनेमा असेल तर ह्याच्या उलट. एक पडदा असलेल्या जुन्या थेटरात, पहिल्या दिवशी, पुढच्या रांगांत, माणसांच्या मध्ये बसा. तो सिनेमा अर्धा पडद्यावर असतो आणि अर्धा खुर्च्यांत. रिकाम्या हॉलमध्ये सोमवारी सकाळी बघून “काही दम नाही” म्हणणं म्हणजे गणपती विसर्जनानंतर मंडपात जाऊन “आरास कुठाय?” विचारण्यासारखं.

सोबत एकच माणूस न्या, आणि तो फोन न काढणारा असू द्या. चौघं गेलात की सिनेमा राहतो बाजूला आणि सहल होते.

एक पथ्य मात्र पाळा. तुम्हाला हसू येतंय त्या प्रसंगाला शेजारच्या मावशी डोळे पुसत असतील तर हसू गिळा. त्यांनीही पूर्ण तिकीट काढलंय. टुकार सिनेमावर प्रेम करणं आणि तो आवडणाऱ्या माणसाला तुच्छ लेखणं ह्यात फार फरक आहे. दुसरं करणारे लोक मला विखारी सिनेमाइतकेच नकोसे वाटतात.

सुरुवातीचा कागद वाचा

सिनेमा सुरू होताना सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं. लोक त्या वेळी खुर्ची शोधत असतात. तुम्ही ते वाचा. त्यावर सिनेमाची लांबी असते, ‘यू’, ‘यूए’ की ‘ए’ ते असतं, आणि प्रमाणपत्र कधी दिलं ती तारीख असते. सिनेमा आज लागलाय आणि तारीख तीन-चार वर्षांपूर्वीची आहे, तर समजा की तो डब्यात पडून होता. मग तुमच्या हाती आयताच एक खेळ आला. सिनेमा रखडला तसं चित्रीकरणही रखडलं होतं का, ते शोधा. नायक दार उघडताना सडपातळ आणि दारातून आत येताना गुबगुबीत दिसला, तर दोन चित्रणांच्या मध्ये एक-दोन दिवाळ्या गेल्यात असं धरायला हरकत नाही. नायिकेच्या केसांची लांबी, नायकाच्या मिशीची जाडी, पोराची उंची ह्या तीन गोष्टी खोटं बोलत नाहीत.

पहिली दहा मिनिटं मत बनवू नका. निवाडा एकदा दिला की डोळे काम थांबवतात.

एक धागा धरा

हा ह्या सगळ्यातला मुख्य भाग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

सगळं एकदम बघायला गेलात तर काहीच दिसत नाही. एका सिनेमाला एक धागा निवडा आणि शेवटपर्यंत तोच धरा. कथा तर आपोआप कळतेच, टुकार सिनेमाची तर तासभर आधीच कळते. मग बाकीचं लक्ष मोकळंच असतं.

आवाजापासून सुरुवात करा, कारण तो सगळ्यात सोपा. मिनिटभर डोळे मिटून बसा. तुम्हाला ऐकू येणारी पावलं, बांगड्या, दाराची कडी, चहाचा कप ठेवल्याचा आवाज ह्यातलं बरंचसं चित्रीकरणाच्या वेळचं नसतं. नंतर स्टुडिओत बसून, पडद्याकडे बघत, कुणीतरी ते हातापायांनी वाजवलेलं असतं. ह्या कामाला फोली म्हणतात, जॅक फोली ह्या अमेरिकन माणसाच्या नावावरून. चांगल्या सिनेमात कोल्हापुरी चप्पल कोल्हापुरी चपलेसारखीच करकरते. टुकार सिनेमात नायिका अनवाणी गवतावरून धावते आणि आवाज टाचांच्या बुटांचा. आपल्याकडे कित्येक वर्षं संवादही नंतर डबिंग करून घालायची पद्धत होती. म्हणून जुन्या सिनेमात डोंगरावर भांडणारी दोन माणसंसुद्धा न्हाणीघरात बोलल्यासारखी ऐकू येतात. एकदा हे कानात बसलं की तुम्हाला पुढच्या कुठल्याही सिनेमात हवा, खोली, अंतर ऐकू यायला लागतं. माझा भाचा तिसऱ्या शनिवारी येऊन म्हणाला, “मामा, त्या सिनेमात पाऊस फक्त दिसत होता.” मी त्याला वाटीभर श्रीखंड जास्त वाढलं.

दुसरा धागा कडेच्या माणसांचा, आणि हा माझा सगळ्यात लाडका. नायक-नायिकेकडे बघायचंच नाही. कोर्टातल्या प्रसंगात मागच्या बाकांवर बसलेले लोक बघा. लग्नाच्या पंगतीत जेवणारे बघा, खरंच घास घेतात की हात नुसता ताटाभोवती फिरवतात? खलनायकाच्या अड्ड्यावर बंदुका घेऊन उभे असलेले आठजण बघा, त्यातला एक हमखास कॅमेऱ्याकडे बघतो. ह्यांना ज्युनियर आर्टिस्ट म्हणतात. दिवसभर उभं राहायचं, संवाद नाही, नाव नाही. पण भिकारातल्या भिकार सिनेमातही त्यांच्यातला एखादा असा सापडतो की जो मनापासून काम करतोय. नायक वर भाषण ठोकत असताना कोपऱ्यातली म्हातारी बाई खरोखर ऐकते आहे, मान हलवते आहे. त्या बाईसाठी मी आख्खा सिनेमा बसून पाहिलेला आहे.

गर्दी ओळखायची नजर नाशिककराला उपजत आहे, तिचा उपयोग करा. सिंहस्थात रामकुंडाकडे सरकणारी गर्दी ज्याने पाहिली, नव्हे, जो त्यात चेंगरला, त्याला खोटी गर्दी लगेच कळते. खऱ्या गर्दीत सगळे एकाच दिशेला बघत नाहीत. कुणी चप्पल शोधत असतं, कुणी पोराला खांद्यावर घेत असतं, कुणाचं पिशवीवर लक्ष असतं. सिनेमातल्या गर्दीत असा एखादा चप्पल शोधणारा दिसला, तर समजा की दिग्दर्शकाने किंवा त्याच्या साहाय्यकाने त्या दिवशी जीव ओतलाय.

तिसरा धागा उजेडाचा. नायिकेच्या हातात एक मेणबत्ती, तिच्या तोंडावर मात्र लग्नाच्या हॉलइतका प्रकाश. रात्र म्हणून निळी छटा दिलीय, पण झाडाखाली दुपारच्या कडक सावल्या पडल्यात. म्हणजे चित्रण दिवसाच उरकलं आणि निळा रंग नंतर चढवला, किंवा भिंगापुढे निळी काच धरली. हा स्वस्तातला जुना उपाय आहे आणि नीट केला तर फसवतोही झकास. भिंतीवर एकाच माणसाच्या दोन सावल्या दिसल्या तर दोन दिवे कुठे असतील ते मनातल्या मनात मांडून बघा. मोठा विरंगुळा आहे.

चौथा धागा कात्रीचा, म्हणजे संकलनाचा. ह्याची मजा कळायला मला एका घोटाळ्याची मदत झाली. कॉलेजात असताना आम्ही गावातल्या एका थेटरात रात्रीचा खेळ पाहत होतो. तेव्हा सिनेमा रिळांत यायचा. हजार फुटांचं एक रीळ साधारण अकरा मिनिटं चालायचं, आणि लांबलचक हिंदी सिनेमाची चौदा-सोळा रिळं सहज व्हायची. त्या रात्री ऑपरेटरने दोन रिळांची अदलाबदल केली. नायकाचा भाऊ गोळी लागून मेला, आईने हंबरडा फोडला, आणि पुढच्याच दृश्यात तो भाऊ अंगणात बसून भाकरी खात होता. थेटरात कुणीही ओरडलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की ही आईची आठवण आहे. आणि खरं सांगतो, ती भाकरी बघताना माझ्या घशात आवंढा आला. बरोबर क्रमाने लावलेल्या सिनेमात तो प्रसंग नुसताच भाकरी खाण्याचा होता. मी दुसऱ्या दिवशी परत जाऊन खात्री केली.

ह्यामागे एक खराखुरा नियम आहे, आणि तो शंभरेक वर्षांपूर्वी लेव कुलेशोव नावाच्या रशियन दिग्दर्शकाने दाखवून दिला. एका नटाचा तोच तो निर्विकार चेहरा त्याने एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका स्त्रीशेजारी. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात भूक, दुःख आणि ओढ दिसली. म्हणजे अभिनय अर्धा आपणच करत असतो, खुर्चीत बसून. घरी करून बघा. पार्टनरचा साधा चेहरा मोबाइलवर पाच सेकंद टिपा. त्याला मिसळीची तर्री टिपून जोडा, मग घरभाड्याची पावती जोडा. एका चेहऱ्याची दोन माणसं होतात. त्या दिवसापासून “नट लाकडासारखा उभा आहे” असं म्हणण्याआधी तुम्ही एकदा थांबाल. नट लाकूड असेलही, पण कधी कधी लाकडाशेजारी काय ठेवायचं ते संकलकाला कळलेलं नसतं.

कपडे, वाहनं, भिंतीवरच्या तसबिरी, पार्श्वसंगीत असे आणखी धागे आहेत, तुम्हाला सापडतील. नाशिककरांना एक फुकटचा धागा मिळतो तो म्हणजे ओळखीची जागा. मुंबई म्हणून दाखवलेल्या रस्त्यावर मागे एमएच १५ ची गाडी उभी दिसली की थेटरात जो हशा पिकतो तो तिकिटात धरलेला नसतो.

मध्यंतर

पॉपकॉर्नच्या रांगेत एक करा. पुढे काय होणार ते दोघांनी एकेका वाक्यात सांगा. टुकार सिनेमात ज्याचं बरोबर निघेल त्याने चहा पाजायचा, चांगल्या सिनेमात ज्याचं चुकेल त्याने. भाचा सुरुवातीला सारखा चहा पाजायचा, आता मला पाजावा लागतो.

चांगल्या सिनेमाची अडचण

नवख्याला वाटतं, अवघड काय ते वाईट सिनेमातच, चांगला तर आवडतोच. तसं नसतं. महोत्सवात गाजलेला, बक्षिसं मिळवलेला सिनेमा लावला आणि वीस मिनिटं एक म्हातारा नुसता विहिरीवर पाणी शेंदतोय, तर झोप येणं साहजिक आहे. त्यात लाजायचं काही नाही.

तीन उपाय सांगतो. एक, असा सिनेमा रात्रपाळी करून आल्यावर पाहू नका. झोप पूर्ण झालेली असावी आणि पोट अर्धं भरलेलं. मिसळ-पाव हाणून संथ सिनेमाला बसणं हा आत्मघात आहे. दोन, चित्राच्या मध्यभागी काही घडत नसेल तर कडेला बघा. शेंदणारा म्हातारा तोच, पण दोराचा आवाज बदललाय का, पाण्याची पातळी खाली गेलीय का, मागच्या दारात कुणी येऊन उभं राहिलंय का? संथ सिनेमा बहुतेक वेळा कडेला घडतो. तीन, स्वतःला विचारा की काय दाखवलं नाही. टुकार सिनेमा दार उघडताना दाखवतो, जिना चढताना दाखवतो, बेल वाजवताना दाखवतो. चांगला सिनेमा थेट भांडणाच्या मध्यात उतरतो आणि भांडण मिटायच्या आधी उठतो. ती गाळलेली जागा ओळखू यायला लागली की चांगल्या सिनेमाचा खरा आनंद सुरू होतो. आणि ती ओळखायची नजर जिन्यावरच्या त्या सगळ्या फुकट मिनिटांनीच तयार केलेली असते.

आवडलेला सिनेमा दोनदा पाहा. दुसऱ्यांदा कथेची ओढ नसते, त्यामुळे करणाऱ्यांचे हात दिसतात.

घरचा अभ्यास, तोही आपल्याच माणसाचा

नाशिकमध्ये राहून हा अभ्यास न करणं म्हणजे गोदाकाठी राहून कोरडं राहणं. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब, ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकला जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकात गेले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ ह्या पहिल्या सिनेमानंतर ते मुंबईहून नाशिकला आले आणि पुढची बरीच निर्मिती इथेच झाली.

सिनेमासाठी भांडवल मिळावं म्हणून आधी त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत त्याचं रोपटं मिनिटभरात वाढताना दाखवलं. विमा पॉलिसी गहाण ठेवली. पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून युनिटच्या स्वयंपाकापर्यंत सगळं बघायच्या. बाया पडद्यावर यायला तयार नव्हत्या म्हणून मुंबईच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके ह्यांना तारामती केलं. चारच वर्षांनी, १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये ह्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. म्हणजे ज्या दंडांनी धनुष्य पेललं तेच अशोकवनात पदराआड मुसमुसत होते! आज कुणी हे केलं तर आपण ‘बकवास’ म्हणून मोकळे होऊ. तेव्हा लोकांनी गर्दी केली. आता तुम्ही सांगा, हे चांगलं की वाईट? मला तर दोन्ही एकाच चौकटीत दिसतं, आणि म्हणूनच ते बघताना डोळे मिटवत नाहीत.

अभ्यास असा. फाळक्यांचा १९१९ चा ‘कालियामर्दन’ बराचसा टिकून आहे आणि इंटरनेटवर सापडतो. कृष्ण झालीय त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. सिनेमाच्या सुरुवातीला तिच्या चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव नुसते दाखवलेत, गोष्ट सुरू व्हायच्या आधीच, जणू ‘बघा, आमच्या पोरीला काय काय येतं’ अशा कौतुकाने. इंटरनेटवरच्या प्रतीला कुणी मागाहून संगीत चिकटवलं असेल तर आवाज बंद करा. एकदा सरळ पाहा. दुसऱ्यांदा फक्त एवढं शोधा की पाण्याखालची झुंज कशी केली असेल. शोधताना तुम्ही पुन्हा पुन्हा मागे जाल. कृत्रिम नाग बघून हसूही येईल, आणि हसता हसता तुम्ही त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन बसलेले असाल.

मग एखाद्या सकाळी पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात चक्कर मारा. लेणीही चढून या. दगडातही काही मूर्ती अर्धवट किंवा ओबडधोबड राहिलेल्या दिसतात, आणि तिथे छिन्नी कशी चालली ते पूर्ण झालेल्या मूर्तीपेक्षा जास्त नीट कळतं. (हे मी भाच्याला सांगायला गेलो तेव्हा तो धापा टाकत होता, त्यामुळे त्याच्यावर परिणाम झाला नाही.)

आणखी एक नाशिककर. कुसुमाग्रजांनी, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांनी, ऐन तरुणपणी नाशिकच्याच एका चित्रसंस्थेसाठी पौराणिक सिनेमाची पटकथा लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. सिनेमा चालला नाही. पुढे त्यांचं ‘नटसम्राट’ आलं, पुढे १९८७ चं ज्ञानपीठ. एखाद्या पडेल सिनेमाच्या श्रेयनामावलीवरून नजर फिरवताना मला हटकून तो लक्ष्मण आठवतो. पटकथा कुणाची, कपडे कुणी केले, तिसरा साहाय्यक कोण, ती नावं वाचून निघा. कोण पुढे काय होईल सांगता येत नाही.

उठून कधी जावं

मी सोपा हिशोब ठेवलाय. धागा धरून अर्धा तास झाला आणि धाग्यालाही काही लागत नाही, म्हणजे सिनेमा रटाळ डब्यातला आहे. मध्यंतरात निघा. पैसे तर आधीच गेलेत, वर दीड तास कशाला द्यायचा? घरी मोबाइलवर पाहत असाल तर मात्र एक धोका आहे. तिथे उठून जाणं इतकं सोपं असतं की आपण सातव्या मिनिटालाच जातो. म्हणून घरी किमान अर्धा तास ही अट पाळा, आणि दीडपट वेगाने पळवू नका. पळवलेल्या सिनेमात फक्त कथा उरते, आणि टुकार सिनेमाची सगळ्यात टुकार गोष्ट तीच असते.

विखारी सिनेमाला अर्ध्या तासाची अट नाही.

वही

शेवटची पायरी, आणि लोक हिलाच फाटा देतात. शंभर पानी वही घ्या, रविवार कारंजाला मेन रोडला कुठेही मिळते. एका सिनेमाला तीन ओळी, जास्त नाहीत. पहिल्या ओळीत सिनेमाचं नाव आणि कुठे पाहिला ते. दुसऱ्या ओळीत धागा कुठला धरला. तिसऱ्या ओळीत एक दिसलेली गोष्ट. मत लिहायचं नाही, गुण द्यायचे नाहीत, तारे काढायचे नाहीत. दिसलेलीच गोष्ट लिहा. ‘अभिनय चांगला’ ही दिसलेली गोष्ट नाही. ‘बापाने दार लावताना कडी दोनदा तपासली’ ही आहे. सिनेमा सुटल्यावर चहाच्या टपरीवर दोघं उभे राहता ना, तिथेही हाच नियम लावा. आधी प्रत्येकाने एक दिसलेली गोष्ट सांगायची, मगच शिव्या.

परवा भाचा जेवायला आला तेव्हा वही टेबलावर ठेवून हात धुवायला गेला. मी उघडून पाहिली. चुकलंच माझं. शेवटच्या पानावर होतं:

‘सिटी सेंटर, सहाचा खेळ, आख्ख्या हॉलमध्ये पाचजण होतो. कडेची माणसं. खलनायकाच्या घरचा नोकर तीन वेळा चहा आणतो. दोनदा कप वाजत नाहीत. तिसऱ्यांदा वाजतात, कारण तेव्हा त्याला माहीत असतं.’

“सिनेमा कसा होता रे?” मी हाक मारून विचारलं.

“बकवास,” आतून आवाज आला. “पुढच्या शनिवारी परत जाऊ या का? तुम्ही तो नोकर बघाच.”